विश्लेषण : प्रोटीन पावडर, व्हिटॅमिनच्या गोळ्या… पूरक आहार नेमका कुणाला हवा?

जिममध्ये नाव घातले की आठवडाभरातच प्रोटीनच्या डब्याचा विषय निघतो. केस गळू लागले की बायोटिन, गुडघे दुखू लागले की कॅल्शियम, थकवा आला की मल्टिव्हिटॅमिन असे सल्ले शेजारी, नातेवाईक आणि मोबाइलवरचे रील्स सारखे देत असतात. यातल्या बहुतेक गोष्टी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. ‘कोणता ब्रँड चांगला?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘मला हे खरोखर हवे आहे का?’ हा प्रश्न मात्र राहून जातो. त्याचे उत्तर चुकले तर कधी फक्त पैसे वाया जातात, तर कधी यकृताला किंवा मूत्रपिंडाला इजा होते.

पूरक आहार म्हणजे औषध का?

नाही. भारतात ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणून विकली जाणारी उत्पादने कायद्याने अन्न आहेत, औषध नाहीत. त्यांचे नियमन भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण म्हणजेच ‘एफएसएसएआय’ करते. त्यासाठीचे स्वतंत्र नियम २०१६ मध्ये आले. या नियमांनुसार वेष्टनावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचा मजकूर असावा लागतो. दिवसाला किती घ्यायचे आणि त्यापेक्षा जास्त घेऊ नये ही सूचनाही लागते. एखादा आजार बरा करण्याचा दावा अशा उत्पादनाला करता येत नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे. नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी ते गुणकारी असल्याचे चाचण्यांतून दाखवावे लागते. सप्लिमेंटच्या प्रत्येक डब्याला अशा चाचणीतून जावे लागत नाही. ‘पूरक’ या शब्दातच त्याची मर्यादा सांगितलेली आहे. जे कमी पडते ते भरून काढायचे, एवढेच त्याचे काम. त्यामुळे आधी काय कमी आहे आणि किती कमी आहे, हे ठाऊक असायला हवे.

प्रोटीनची गरज किती असते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था (एनआयएन) यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरेसे असते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला साधारण ५० ग्रॅम.

नियमित वजने उचलणाऱ्याची गरज यापेक्षा जास्त असते. पण त्यालाही मर्यादा आहे. मे २०२४ मध्ये याच संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, की दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन वाढवले तरी व्यायामाने होणाऱ्या स्नायूंच्या वाढीत आणखी भर पडत नाही. ६० किलोच्या माणसासाठी हा आकडा ९६ ग्रॅम होतो. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळावे, असा सल्लाही या सूचनांत दिला आहे. या पावडरींमध्ये साखर, कृत्रिम गोडी आणणारे घटक आणि कृत्रिम स्वाद असू शकतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले आहे.

एवढे प्रोटीन घरच्या जेवणातून मिळते का?

एका शाकाहारी घराचा हिशेब मांडून पाहू. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे (८ ग्रॅम) आणि कपभर दूध (६ ते ७). दुपारी तीन पोळ्या (९ ते १०), वाटीभर घट्ट वरण (६ ते ७), वाटीभर मटकीची उसळ (७) आणि छोटी वाटी दही (३). संध्याकाळी मूठभर फुटाणे (६). रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या (१०) आणि पिठले (६ ते ७). बेरीज ६० ग्रॅमच्या पुढे जाते. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ल्याने एकात कमी असलेले अमिनो आम्ल दुसऱ्यातून मिळते, हा आणखी एक फायदा.

यात ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी आली तर सुमारे २६ ग्रॅमची भर पडते. दोन अंड्यांनी १२ ते १३ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरने साधारण १८ ग्रॅम वाढतात. मासे किंवा चिकन खाणाऱ्यांना तर हे आणखी सोपे आहे.

अडचण अशी, की प्रत्यक्षातले ताट बहुधा असे नसते. आमटी पातळ, उसळ आठवड्यातून एकदा, सकाळी चहा-बिस्किटे आणि रात्री भात. म्हणजे कमतरता खरी असते, पण ती डब्याची नसून डाळ, उसळ, दूध आणि अंड्यांची असते. दोन-तीन दिवस आपण काय खाल्ले ते मोबाइलमध्ये लिहून ठेवले, तरी ती कुठे आहे ते लक्षात येते.

मग प्रोटीन पावडर कुणी घ्यावी?

भूक मंदावलेले ज्येष्ठ, आजारपणातून उठलेले रुग्ण, कामाच्या वेळांमुळे नीट जेवता न येणारे आणि रोज कठोर सराव करणारे खेळाडू यांना आहारातून गरज भागत नसेल, तर पावडर सोयीची ठरते. रुग्णांनी मात्र ती डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावी. व्हे प्रोटीन म्हणजे काही जादू नव्हे. चीज किंवा पनीर करताना दूध फाडल्यावर जे पाणी उरते, त्यातले प्रोटीन वेगळे काढून वाळवलेले असते. ‘कॉन्सन्ट्रेट’ प्रकारात साधारण ७० ते ८० टक्के प्रोटीन असते, ‘आयसोलेट’मध्ये ९० टक्क्यांच्या आसपास. दूध पचत नसेल तर आयसोलेट सोसते, कारण त्यात दुधातली साखर फार कमी उरते.

‘मास गेनर’ घेताना लेबल दोनदा वाचावे. त्यात बहुतांश वाटा माल्टोडेक्स्ट्रिनसारख्या पिठूळ कर्बोदकांचा असतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब अनेक वर्षांपासून असेल, तर आधी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रोटीनची तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

डब्यावर लिहिलेले डब्यात असते का?

नेहमीच नाही. केरळमधील यकृततज्ज्ञ डॉ. सिरियाक अ‍ॅबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पूरकांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के उत्पादनांवर छापलेला प्रोटीनचा आकडा आणि प्रत्यक्ष प्रमाण यांत फरक आढळला. काहींमध्ये तर सांगितल्याच्या निम्मेच प्रोटीन होते. सुमारे १४ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष आढळले, तर सुमारे ८ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश. नमुने ३६ च होते, त्यामुळे यावरून साऱ्या बाजाराचे प्रमाण काढता येणार नाही. पण छापील आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये, एवढे त्यातून नक्की दिसते.

आकडा फुगवण्याची एक जुनी युक्ती आहे. प्रयोगशाळेतील नेहमीच्या चाचणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ सारख्या ठरावीक आकड्याने गुणतात. त्यामुळे ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त द्रव्ये मिसळली की कागदावर प्रोटीन वाढते, स्नायूंना मात्र त्याचा तसा उपयोग होत नाही. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दुधात मेलामाइन मिसळले गेले, ते याच चाचणीला फसवण्यासाठी. त्यात ६ बाळांचा मृत्यू झाला आणि सुमारे ३ लाख बाळे आजारी पडली. म्हणून घटकांच्या यादीत प्रोटीनच्या जोडीला सुटी अमिनो आम्ले दिसली आणि कोणती किती हे लिहिलेले नसले, तर तो डबा परत ठेवावा.

क्रिएटिन, बीसीएए आणि फॅट बर्नरचे काय?

या तिघांना एकाच मापाने मोजता येत नाही. क्रिएटिनवर भरपूर संशोधन झालेले आहे. निरोगी प्रौढांनी दिवसाला ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतले, तर थोड्या वेळात जोर लावण्याच्या व्यायामात फायदा दिसतो. हाच प्रकार सर्वांत जास्त अभ्यासलेला असल्याने महागड्या नव्या प्रकारांची गरज नाही. सुरुवातीला स्नायूंत पाणी साठून वजन थोडे वाढते. शिवाय रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा मूत्रपिंडाला काही झालेले नसतानाही वाढलेला दिसू शकतो. म्हणून तपासणीच्या वेळी क्रिएटिन घेत असल्याचे डॉक्टरांना सांगायला हवे.

बीसीएए ही प्रोटीनमध्येच असलेली तीन अमिनो आम्ले आहेत. पुरेसे प्रोटीन पोटात जात असेल, तर ती वेगळी विकत घेऊन हाती विशेष काही लागत नाही.

सर्वांत जास्त सावध राहायचे ते फॅट बर्नर आणि ‘प्री-वर्कआउट’पासून. अनेकांत कॅफिनचे प्रमाण मोठे असते. छातीत धडधड, रक्तदाब वाढणे, झोप उडणे हे त्याचे परिणाम. ‘इफेड्रा’ या वनस्पतीपासून केलेली वजन घटवणारी पूरके अमेरिकेत एकेकाळी सर्रास विकली जात. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली.

पोलीस भरतीची किंवा स्पर्धांची तयारी करणाऱ्या मुला-मुलींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात काय सापडले याची जबाबदारी खेळाडूचीच असते. ‘डब्यात मिसळलेले होते, मला माहीत नव्हते’ एवढ्याने सुटका होत नाही. म्हणून स्पर्धक खेळाडूंनी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ अशी स्वतंत्र तपासणी झालेलीच उत्पादने घ्यावीत आणि त्यांचा बॅच क्रमांक पडताळावा.

व्हिटॅमिन डी, बी १२ आणि लोह यांची कमतरता तर खरीच आहे ना?

आहे. पण म्हणूनच मोजून, ठरावीक काळ घ्यायचे.

व्हिटॅमिन डी : याची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल बहुधा आठवड्यातून एकदा, काही आठवड्यांपुरती दिली जाते. रोजची गरज ६०० युनिट धरली, तर एका पुडीत १०० दिवसांचा साठा झाला. ती चुकून रोज घेतली किंवा चिठ्ठीची मुदत संपल्यावरही महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, गोंधळल्यासारखे होणे आणि पुढे मूत्रपिंडाला इजा असा हा प्रवास असतो. ए, डी, ई आणि के ही व्हिटॅमिन चरबीत विरघळतात. जास्तीची मात्रा लघवीवाटे सहज निघून जात नाही, ती शरीरात साठते.

बी १२ : हे नैसर्गिकरीत्या प्राणिज पदार्थांतून मिळते. त्यामुळे शाकाहारी, विशेषतः दूध-दही कमी घेणाऱ्यांना त्याची कमतरता संभवते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही त्याचे शोषण कमी होते. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा ही लक्षणे असतील तर रक्ततपासणी करावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतील गर्भवतींचा १९९३ पासून अभ्यास सुरू केला. त्यांच्यापैकी बहुसंख्य मातांमध्ये बी १२ कमी होते. ज्यांच्यात फॉलेट जास्त पण बी १२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. गरोदरपणात फॉलिक अ‍ॅसिड आवश्यकच आहे, ते सोडू नये. पण एक घटक भरताना त्याच्या जोडीचा दुसरा रिकामा राहू नये, हे या अभ्यासातून कळते.

लोह : पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात आणि महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर तिचे शोषण घटते. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर वाढते. पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी झाले असेल, तर गोळ्या सुरू करण्याआधी रक्त कुठे जाते आहे हे शोधणे जास्त गरजेचे असते. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. त्यांची विषबाधा जिवावर बेतू शकते.

मल्टिव्हिटॅमिन घेतल्याने नुकसान तर नाही ना?

साध्या मात्रेतील गोळीने बहुधा नुकसान होत नाही. पण चौरस आहार घेणाऱ्याचा तिने फार फायदा होतो, याचाही भक्कम पुरावा नाही. मोठ्या मात्रेचे मात्र वेगळे आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो १८ टक्क्यांनी वाढला. गाजरातले तेच द्रव्य गोळीत एकवटले की शरीर तसेच वागेल, असे गृहीत धरता येत नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे कितपत खरे?

आमटीतली चिमूटभर हळद आणि काळ्या मिरीच्या अर्कासह दिलेली कर्क्युमिनची कॅप्सूल या एकच गोष्टी नाहीत. मिरीतील पिपरिनमुळे कर्क्युमिन कितीतरी पटींनी शोषले जाते. अशा कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क आणि अश्वगंधा यांच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या मुंबईतील ६ रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. आयुष मंत्रालयाने मात्र तो निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले होते. वाद बाजूला ठेवला, तरी काळजी एकच : यकृताचा आजार असेल तर स्वतःच्या मनाने अर्क घेऊ नयेत. घेत असताना भूक मरणे, लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे दिसणे असे काही झाले, तर लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे.

चालू औषधांशी आणि तपासण्यांशी याचा काय संबंध?

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी कॅल्शियम किंवा लोह तिच्या चार तासांच्या आत घेऊ नये, नाहीतर थायरॉइडची मात्रा अंगी लागत नाही. रक्त पातळ करणारे वॉरफरिन सुरू असेल तर व्हिटॅमिन ‘के’ तिचा परिणाम कमी करते.

केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनची गोष्ट तर फारच कमी जणांना ठाऊक असते. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही प्रयोगशाळा चाचण्यांचे निकाल चुकतात. थायरॉइडचे आकडे बिघडलेले दिसू शकतात. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिली जाणारी ट्रोपोनिन चाचणी खोटीच ‘ठीक’ येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत २०१७ मध्ये इशारा दिला होता. म्हणून रक्त देताना आणि रुग्णालयात दाखल होताना ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात सप्लिमेंटचीही नावे सांगावीत. घरातल्या ज्येष्ठांची अशी यादी मोबाइलमध्ये ठेवली तर अडचणीच्या वेळी उपयोगी पडते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

– एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक. तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पण क्रमांक असणे म्हणजे उत्पादक नोंदणीकृत आहे एवढेच. तुमच्या हातातला डबा तपासला गेला आहे, असा त्याचा अर्थ नाही.

– आयात केलेल्या डब्यावर भारतीय आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक. हे नसेल तर कितीही सवलत असली तरी घेऊ नये.

– प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम आहे, याचा स्पष्ट उल्लेख. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या नावाखाली सगळे एकत्र दाखवले असेल, तर कशाचे किती हे कळत नाही.

– एका स्कूपमागचे प्रोटीन. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम म्हणजे ७३ टक्के. मग डब्याची किंमत एकूण प्रोटीनच्या ग्रॅमने भागावी आणि अंडी, सोयाबीन किंवा डाळीशी तुलना करावी.

– दावे. ‘मधुमेह बरा होतो’, ‘१५ दिवसांत १० किलो कमी’ असे लिहिलेले उत्पादन तिथेच सोडावे. अशा दाव्यांची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

– बिल, बॅच क्रमांक आणि मुदत. त्रास झाला तर पुरावा हाच. डबा संपेपर्यंत लेबल फेकू नये.

शेवटी, गोळी किंवा पावडर सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून पाहाव्यात : कशाची कमतरता आहे, ती कशावरून कळली, रोज किती घ्यायचे आणि कोणत्या तारखेला थांबायचे किंवा पुन्हा तपासायचे. चारही उत्तरे असतील तर सप्लिमेंट उपयोगी पडण्याची शक्यता मोठी आहे. पहिल्याच प्रश्नापाशी पेन थांबले, तर तूर्त डब्याचे पैसे वाचवून डाळ, उसळ, दूध, अंडी आणि झोप यांच्याकडे पाहावे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आजार असणाऱ्यांनी, गर्भवती व स्तनदा मातांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)